वडिलांच्या नावाचा रकाना

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला दिवस गेले आहेत, ही एकच वस्तुस्थिती दोन घरांत किती निरनिराळ्या रीतीने वागवली जाते, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. एका घरी मुलीचे लग्न, कायद्याने ठरविलेल्या वयाकडे सोयीस्कर डोळेझाक करून, गेल्याच वर्षी उरकलेले असते. तेथे हिरवी साडी येते, ओटी भरली जाते, थाटाने डोहाळजेवण होते, आणि रक्तक्षयाने फिकटलेल्या या पोरीला हे ओझे झेपेल ना, असा प्रश्न विचारणारी व्यक्ती अपशकुनी ठरते. दुसऱ्या घरीही तेच वय, तोच उदरभार आणि तेच फिकट ओठ असतात. परंतु तेथे खिडक्या लावल्या जातात, शाळेत कावीळ झाल्याचा निरोप जातो, आणि एके रात्री शेवटच्या एस.टी.ने मुलीची रवानगी कुठल्यातरी लांबच्या मावशीकडे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा ते एकोणीस या वयोगटातील देशातल्या ६.८ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ७.६ टक्के मुली एकतर माता झालेल्या किंवा गर्भवती आढळल्या. यांतल्या बहुतेक विवाहित, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी कोणी काही बोलले नाही. अविवाहित असतात त्या थोड्या. बोलणी मात्र सगळी त्यांच्याच वाट्याला येतात. वैद्यकाच्या दृष्टीने दोघींच्या जिवाला असलेला धोका जवळजवळ सारखा आहे. पण एक स्वतःला भाग्यवान समजू लागते आणि दुसरी स्वतःला कलंक समजू लागते, आणि या फरकाचे मूळ दोघींच्या स्वभावात शोधण्यात काहीच अर्थ नाही.

तरीही ते तेथेच शोधण्याची रीत पडली आहे. आत्मसन्मान मोजण्याचे आज जगभर वापरले जाणारे साधन मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातील दहा शाळांमधल्या ५,०२४ किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या पाहणीच्या आधारे सिद्ध केले आणि १९६५ साली प्रसिद्ध केले. साधन अगदी साधे आहे : दहा विधाने, निम्मी स्वतःविषयी बरे बोलणारी, निम्मी वाईट बोलणारी, आणि प्रत्येकापुढे संपूर्ण होकारापासून संपूर्ण नकारापर्यंत चार पायऱ्या. त्यांतील एका विधानाचा आशय असा, की निदान इतरांच्या बरोबरीने तरी माझे काही मोल आहे. आता ज्या मुलीशी थोरला भाऊ कित्येक महिने बोललेला नाही, जिच्या धाकट्या बहिणीचे जमत आलेले लग्न ‘त्या घरात तसं झालंय’ एवढ्या चार शब्दांवर फिसकटले आहे, आणि पाण्याच्या नळावर जिची आई दिसली की बायकांचे बोलणे एकाएकी थांबते, त्या मुलीने या विधानापुढे नकाराची खूण केली, तर तिच्या मनात काही उणे आहे असा निष्कर्ष काढावा, की तिची नजर स्वच्छ आहे असे म्हणावे? तिला जे दिसते आहे तेच तिने प्रामाणिकपणे नोंदविले आहे. माणूस स्वतःची प्रतिमा दुसऱ्यांच्या नजरेत पाहून घडवीत असतो, असे चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ सालीच मांडले होते; आणि ही नजर जोवर तशीच आहे, तोवर मुलीला स्वतःकडे निराळ्या रीतीने पाहण्याचा उपदेश करणे म्हणजे तिने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये असे सांगणे होय. समुपदेशनाला मी नावे ठेवीत नाही. त्याने जीव वाचतात. पण समुपदेशिका आठवड्यातून एकदा तासभर सांगते की तुझा काही दोष नाही, आणि उरलेला सगळा आठवडा आळी तिला याच्या नेमके उलट सांगत असते, हे प्रमाण विसरून चालणार नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. फक्त एकोणिसाव्या शतकात त्याची पात्रे वेगळी होती. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न आणि बाराव्या वर्षी वैधव्य अशी जिची गत होई, ती सोळाव्या वर्षी गर्भवती राहिली तर आजच्या अविवाहित मुलीहून तिची अवस्था निराळी नव्हती. किंबहुना केशवपनामुळे तिला तोंड लपवायलाही जागा नव्हती. पुण्यात काशीबाई नावाची एक तरुण विधवा स्वयंपाकाचे काम करीत असता एका शास्त्र्याने तिला नादी लावले. मूल झाले, तिने ते मारून विहिरीत टाकले, खटला उभा राहिला आणि तिला जन्मभर काळ्या पाण्याची सजा झाली. शास्त्रीबुवांचे काही बिघडले नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले त्यामागे ही घटना होती. त्यांनी ठिकठिकाणी जाहिराती लावून कळविले की, विधवांनी येथे यावे, गुप्तपणे आणि सुरक्षितपणे बाळंत व्हावे, आणि मूल बरोबर न्यावे की येथे ठेवावे हे आपल्या मर्जीने ठरवावे. या जाहिरातीतील गुप्ततेविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. मला त्यातील ‘मर्जी’ अधिक मोलाची वाटते. जिला आपल्या केसांवर, वस्त्रांवर आणि जेवणाच्या वेळेवरसुद्धा हक्क उरला नव्हता, अशा बाईला त्या काळात कोणीतरी, तुझ्या मुलाचे काय करायचे ते तू ठरव, असे सांगत होते.

या गृहाचा हिशेब फुल्यांनी १८८४ च्या डिसेंबरात समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या बालविवाह आणि वैधव्य यांवरील टिपणावर अभिप्राय देताना लिहून ठेवला आहे. तोवर पस्तीस गर्भवती विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या, आणि त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली होती. बाकीची तीस दगावली, याचे कारण, येण्यापूर्वी त्या बायकांनी पोट पाडण्यासाठी जालीम औषधे घेतलेली असली पाहिजेत, असे ते म्हणतात. वाचणाऱ्याने या आकड्यापाशी थोडे थांबावे. आश्रय उघडा होता, पत्ता जाहीर होता, सावित्रीबाईंसारखी बाई दारात उभी होती. आणि तरीही त्या बायका आधी औषधाकडे गेल्या आणि मग या दाराकडे आल्या, इतकी स्वतःविषयीची आणि गर्भाविषयीची घृणा त्यांच्या अंगात भिनविलेली होती. वाचलेल्यांत काशीबाई नावाच्याच एका दुसऱ्या विधवेचा मुलगा होता. १८७४ साली फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतले, त्याचे नाव यशवंत ठेवले, आणि पुढे तो डॉक्टर झाला.

पंढरपुरात १८७५ साली प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी असाच आश्रम सुरू केला, कारण यात्रेच्या निमित्ताने येऊन तेथे मुले टाकून जाण्याचा प्रघातच पडला होता. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल प्रथम फाशीची आणि मग ती कमी करून काळ्या पाण्याची सजा सुनावली गेली, आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर जी झोड उठली तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून सडेतोड उत्तर दिले. त्या पुस्तकाचा संताप आज वाचतानाही ताजा वाटतो, आणि त्यातील मुख्य विचारणा, की दोघांनी मिळून केलेल्या गोष्टीत एकीलाच का धरता, अद्याप अनुत्तरित आहे.

पुढे अशा संस्था वाढल्या, आणि त्यांच्यामुळे कितीतरी जीव वाचले. परंतु बहुतेकींत मर्जी मागे पडून गुप्तताच तेवढी शिल्लक राहिली. मुलीला आणावे, लपवावे, मोकळी करावी, मूल दुसऱ्याच्या ओटीत घालावे आणि झाले-गेले विसरून जाण्याची ताकीद देऊन तिला परत पाठवावे, हा शिरस्ता झाला. केवळ आपल्याकडे नव्हे. आयर्लंडमध्ये १९२२ ते १९९८ या काळात अशा अठरा संस्थांतून सुमारे ५६,००० अविवाहित माता राहून गेल्या आणि त्यांची सुमारे ९,००० मुले दगावली, असे तेथील चौकशी आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केल्यावर पंतप्रधानांना संसदेत क्षमा मागावी लागली. यांतल्या काही संस्थांत आलेल्या मुलीचे खरे नाव काढून घेऊन तिला तेथल्यापुरते दुसरे नाव देत असत. हेतू गुप्ततेचा असेल. परंतु आईबापांनी दिलेले नावसुद्धा ज्या देहाला वापरता येत नाही, त्याच्याविषयी त्या मुलीने काय समजावे?

लपविण्याच्या या व्यवस्थेत एक गोष्ट हटकून विसरली जाते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईला दूध उतरते. मूल जवळ असो वा नसो, शरीर त्याची चौकशी करीत नाही. छाती दगडासारखी घट्ट होते, ताप भरतो, झंपर भिजतो. मूल तोवर दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या इमारतीत हलविलेले असते, कागदपत्र तयार होत असतात, आणि मोठी माणसे आपापसांत ‘सुटलो एकदाचे’ असे म्हणत असतात. दूध आटण्याच्या गोळ्या देऊन किंवा छाती पट्ट्याने घट्ट आवळून काम भागविले जाते. मुलीने काही विचारले तर, होईल दोन-चार दिवसांत कमी, एवढेच उत्तर मिळते; तू आई झाली आहेस म्हणून हे होते आहे, असे तिला कोणीही म्हणत नाही, कारण तसे म्हटले तर पुढचे सगळेच अवघड होऊन बसते. बालन्याय कायद्याने (२०१५) मूल स्वाधीन करताना बालकल्याण समितीपुढे समुपदेशन आणि त्यानंतर विचार बदलायला दोन महिन्यांची मुदत ठेवली आहे, ही तरतूद फार शहाणपणाची आहे. पण जिला घरून न्यायला आलेली जीप फाटकाबाहेर उभी आहे, तिला ती मुदत आहे हे ठाऊक असेल काय, आणि ठाऊक असले तरी उपयोग काय?

ज्या मुली मूल सोडत नाहीत, त्यांची गाठ मग कागदाशी पडते. केसपेपरच्या खिडकीपासून तिची सुरुवात होते : नाव, वय, गाव, आणि मग कारकून मान वर न करता ‘मिस्टरांचं नाव?’ असे विचारतो. मागे वीस माणसांची रांग असते. हाच प्रश्न जन्मनोंदणीत, अंगणवाडीत, शाळेच्या प्रवेशात, शिधापत्रिकेत पुन्हा पुन्हा उभा राहतो, आणि दरवेळी चारचौघांत उभा राहतो. वस्तुतः १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानेच विवाहबाह्य अपत्याची पहिली नैसर्गिक पालक आई ठरविली आहे. आणि ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, अविवाहित मातेला पालकत्वासाठी मुलाच्या बापाचे नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही, आणि तिने प्रतिज्ञापत्र दिल्यास जन्मदाखला दिलाच पाहिजे. महाराष्ट्र सरकारनेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचे ठरविले. कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. खिडकीवरचा माणूस मात्र जुन्याच छापील नमुन्याच्या हुकमात आहे, आणि कोरा रकाना पाहिला की त्याचा जीव कासावीस होतो.

छांदोग्य उपनिषदात सत्यकाम गुरूकडे जाण्यापूर्वी आईला आपले गोत्र विचारतो, तेव्हा जबाला त्याला सांगते की, तरुणपणी मी अनेक ठिकाणी सेवा करीत हिंडले, तेव्हा तू झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम, तू स्वतःला सत्यकाम जाबाल म्हणव. या कथेवरील प्रवचनांतून मुलाच्या सत्यनिष्ठेची आणि गुरूच्या औदार्याची वाखाणणी होते, आणि ती योग्यच आहे. परंतु मुलाच्या डोळ्याला डोळा देऊन, आढेवेढे न घेता, हे उत्तर ज्या बाईने दिले तिच्याविषयी प्रवचनकार सहसा काही बोलत नाहीत. आपल्या परंपरेत कुंती सर्वांच्या परिचयाची झाली आणि जबाला एका वाक्यापुरती राहिली, यावरून आपली निवड कळते.

यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी, मारेगाव आणि केळापूर या तालुक्यांत वडिलांच्या नावाचा हा रकाना नुसता लाजेचा राहत नाही, उपजीविकेचा होतो. तेथील कोलाम हे आदिम जमातींपैकी एक. त्यांच्या वस्त्यांना पोड म्हणतात. बाहेरून आलेले कंत्राटदार, दुकानदार, व्यापारी यांनी लग्नाच्या आमिषाने कोवळ्या मुलींना नादी लावायचे आणि दिवस गेले की गाव सोडायचे, असे प्रकार तेथे वर्षानुवर्षे चालत आले, विधिमंडळात त्यांवर प्रश्न विचारले गेले, महिला आयोगापर्यंत तक्रारी गेल्या, आणि ‘कुमारी मातांचा तालुका’ अशी त्या भागाची ओळख वृत्तपत्रांनी करून टाकली. ही ओळखच किती अन्यायाची! ज्यांनी हे केले ते पुरुष बहुतांशी त्या तालुक्यांचे नव्हतेच. तेव्हा बदनाम करायचेच होते तर दुसऱ्या गावांना करायला हवे होते. तेथल्या मुलाला पुढे जातीचा दाखला काढायचा झाला की, बापाच्या बाजूचे पुरावे मागितले जातात, आणि बाप तर कागदावर नाहीच. आंतरजातीय विवाहाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली असे म्हटले आहे की, आई आदिवासी असेल आणि मूल तिच्याच समाजात, त्याच हालअपेष्टांत वाढले असेल, तर बापाची जात हीच मुलाची जात असे डोळे मिटून धरता येणार नाही. हाच तर्क पोडावरच्या मुलापर्यंत पोचायला अडचण नसावी. पण तो घेऊन कचेरीत कोणी जायचे?

आणखी एक अडचण सद्हेतूतून उपजलेली आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलीच्या संमतीला अर्थ नाही, आणि असा प्रकार कळताच पोलिसांना खबर देणे प्रत्येकावर, अर्थात डॉक्टरवरही, बंधनकारक आहे. चाळीस वर्षांच्या कंत्राटदाराविरुद्ध हे हत्यार हवेच. परंतु मुलगा तिच्याच वर्गातला असेल, तर तपासणीला येताच जबानी, पंचनामा आणि नमुने यांचे चक्र सुरू होईल या धाकाने घरचे तिला दवाखान्यात नेतच नाहीत, आणि ती पुन्हा त्या जालीम औषधांकडे वळते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या कायद्यात अविवाहित स्त्रीला चोवीस आठवड्यांपर्यंत विवाहितेच्या बरोबरीने स्थान दिले, तेव्हाच असेही सांगितले की, अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने खबर देताना तिचे नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. ही गोष्ट तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर लावण्याजोगी आहे.

अशा मुलींचे पुढे काय होते, याचा दीर्घ मागोवा अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात समाजशास्त्रज्ञ फ्रँक फर्स्टेनबर्ग यांनी घेतला. १९६६ पासून त्यांनी सुमारे चारशे किशोरवयीन, बहुतेक गरीब व कृष्णवर्णीय मातांची नोंद केली आणि सतरा वर्षांनंतर त्यांना पुन्हा गाठले. सगळ्यांचा अंदाज होता की, या आयुष्यातून उठलेल्या असणार. निष्पन्न झाले ते असे की, त्यांची आयुष्ये एकसारखी नव्हतीच. बऱ्याच जणींनी मागाहून शाळा पुरी केली होती, नोकऱ्या धरल्या होत्या, सरकारी मदतीवरून त्या उतरल्या होत्या. ज्यांचे शिक्षण चालू राहिले आणि ज्यांना दुसरे मूल लवकर झाले नाही, त्या पुढे गेल्या. अमेरिकेचा दाखला येथे जसाच्या तसा लागू होत नाही, हे उघड आहे. परंतु पंधराव्या वर्षी घडलेल्या एका गोष्टीवरून मुलीच्या साठ वर्षांचा निकाल लावून टाकण्याची आपली घाई त्याने थोडी मंदावायला हवी.

आपल्याकडे शाळा या मुलीला काढून टाकीत नाही. शाळा सोडल्याचा दाखला तेवढा तिच्या बापाच्या हाती ठेवते, आणि कारणाच्या जागी ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिते. दहावीची परीक्षा बाहेरून देण्यासाठी सतरा नंबरचा अर्ज आहे, आणि मूल वर्षाचे होईस्तोवर घरी बसून अभ्यास करणाऱ्या मुलीला तो अगदी सोयीचा आहे. मात्र त्याला तोच शाळा सोडल्याचा दाखला मूळ स्वरूपात जोडावा लागतो, आणि घरातल्या कोणी रागाच्या भरात तो फाडला असेल, तर दुसरी प्रत मागायला तिला ज्या ऑफिसात जावे लागते, तेथे भिंतीपलीकडे तिचाच जुना वर्ग भरलेला असतो. बहुतेक जणी फाटकापर्यंत येऊन परत जातात. ही प्रत टपालाने घरी पाठवायला मुख्याध्यापकांना कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. टपालाचे दहा-वीस रुपये शाळेच्या किरकोळ खर्चात सहज बसतात.